प्रत्येकाचा एक तांब्या

माझा हात जळका आहे असं आमच्या घरात ठरलं, तेव्हा मला सासरी येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. जळका हात म्हणजे काय, ते आताच्या पोरींना सांगावं लागतं. जिनं लावलेलं रोप जगत नाही, जिनं घातलेलं लोणचं बुरसतं, तिचा हात जळका. माझं लोणचं जन्मात कधी बुरसलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. पण तुळस गेली. एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही रोपं माहेराहून आणलेली, दोन्ही मी माझ्या हातानं लावलेली, आणि दोन्ही चार महिन्यांत काळी पडून गेली.

आम्ही तेव्हा नवापुरात राहायचो. माझे यजमान तिथल्या मराठी शाळेत मास्तर होते. मीही त्यांना मास्तरच म्हणायची, नाव घ्यायची सोय नव्हती. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि पाळण्यातली लेक. सासूबाई शहाद्याकडच्या, तापीकाठच्या शेतकरी घरातल्या. अहिराणीशिवाय दुसरी भाषा त्यांच्या तोंडी नव्हती, आणि घरात मीही तीच बोलायची. लिहायला मास्तरांनी शिकवलं, म्हणून कागदावर माझी भाषा अशी केस विंचरून बसते.

तुळस गेल्यावर सासूबाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी चार शब्द परत तरी दिले असते. मी काही गरीब गाय नव्हते. पण त्या फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगायच्या, "जयका हात शे तिन्हा, काय करवा!" तेही असं हळहळून, की जणू मला ताप आलाय.

त्याचा खरा चटका मला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला बसायचा. आमच्याकडे आखाजीला परसात आळी करतात आणि त्यात दुधी, गिलकी, दोडकी, कारली यांचं बी टाकतात. बी टाकायचं ते घरातल्या बाईच्या हातानं. वेल मांडवावर चढले की वर्षभर लोक म्हणणार, हा अमकीचा हात. माहेरी सात वर्षांची असल्यापासून ते बी माझ्या हातात असायचं. इथं सासूबाई वाकून बी टाकायच्या आणि मी तांब्या धरून बाजूला उभी. दोन आखाज्या मी तशी उभी राहिले. मला ते बी हवं होतं. दागिना नको, लुगडं नको, मूठभर बी हवं होतं, आणि ते मागायची सोय नव्हती.

अशात ते झाड आलं.

रस्त्यापलीकडे लाकडाच्या वखारीवाले पारशी शेठ राहत. शेठ बहुतेक रानात नाहीतर रेल्वेत, घर सांभाळायची ती पारशीणबाई. गोरीपान, ढोपरापर्यंत मोजे, आणि तोंडानं फटकळ. माझं नि तिचं त्यामुळेच जमायचं. होळी होऊन आठवडा झाला होता. तिची मुलगी सुरतेला बाळंतीण व्हायची होती, म्हणून बाई चार-पाच महिने तिकडे निघाली. घराला कुलूप लागणार. सगळी सोय झाली, राहिलं ते तिच्या दिवाणखान्यातलं झाड. ते तिनं मुंबईहून आणवलं होतं, आणि उन्हात ठेवलं की करपतं, म्हणून घरातच वाढवलं होतं.

"आमच्याकडे ठेवा की," मास्तर म्हणाले. "हिला हौस आहे."

हौस! मी पदराआडून मास्तरांकडे असे डोळे वटारले की दुसरा कुणी असता तर जागच्या जागी भस्म झाला असता. पण मास्तरांना जगाचा भूगोल कळायचा, बायकोचा चेहरा कळायचा नाही.

दुसऱ्या दिवशी चार माणसांनी ते झाड उचलून आणलं. अर्ध्या कापलेल्या लाकडी पिंपात लावलेलं, मास्तरांपेक्षा हातभर उंच. एकेक पान परातीएवढं, हिरवंगार, चकचकीत. आणि पानापानाला भोकं! कडेनं फाटलेली, मधोमध भोकं पडलेली. खोडातून दोरीसारखी तपकिरी मुळं बाहेर लोंबत होती. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"हाई काय लई उनात? उंदीर खाई गयात का पाने?"

पारशीणबाई हसून म्हणाली, ही जातच अशी. सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांनी वाकून पिंपाचा वास घेतला आणि त्या ताडकन उठल्या. पिंप दारूचं होतं. "दारूनं पिंप मन्हा घरमा?" मग गोमूत्र आलं, पिंपाभोवती शिंपडणं झालं, आणि इतकं सोवळं होऊन ते दारूचं पिंप आमच्या ओसरीच्या आत, पूर्वेच्या खिडकीजवळ बसलं.

निघताना पारशीणबाईनं मला जवळ घेतलं. "सांभळ, डीकरी. आठ दिवसात एक वार पाणी. आधी आंगळी घाल, दोन पेरं. माटी चिकटे तो पाणी नहीं. पानं ओल्या फडक्यानं पूस. बस." मी मान हलवली. माझा हात जळका आहे हे तिला सांगावं असं ओठांवर आलं होतं. पण तिचे डोळे भरले होते, झाडासाठी की लेकीसाठी कोण जाणे. मी तिची पिशवी टांग्यात ठेवली.

ती टांग्यात बसून स्टेशनाकडे गेली आणि शेजारची सोनारीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई गं, तुझ्याकडे? तुझ्याकडे का दिलं?" झालं. सगळ्या आळीला कळलं की आता एकतर हे झाड जगणार, नाहीतर माझ्या हातावर कायमचा शिक्का बसणार. नाकापेक्षा मोती जड, म्हणतात ना, तसं ते चार माणसांचं ओझं माझ्या बोटांच्या पेरांवर येऊन बसलं.

पण खरं सांगू? मला ते झाड आवडलं. मी बाजाराच्या दिवशी सकाळी मातीत बोट घालायची, कोरडी लागली की मोजून दोन तांबे पाणी घालायची. मग फडकं भिजवून एकेक पान पुसायची. लाकडाच्या गाड्यांची धूळ दिवसभर घरात यायची, पानावर थर बसायचा. फडकं फिरलं की खालून लख्ख हिरवा रंग निघायचा, आणि मला उगाच आनंद व्हायचा. बाहेर चैत्राचं ऊन कौलं तापवत असायचं, पण त्या कोपऱ्यात डोळ्याला गारवा होता. लेक रडायला लागली की मी तिला त्याच्याखाली नेऊन ठेवायची. ती भोकांतून वर बघत बसायची आणि रडणं विसरायची. मास्तरही शाळा सुटली की खुर्ची तिकडेच ओढून वर्तमानपत्र वाचत. सासूबाई येता-जाता नाक मुरडायच्या, पण दळण निवडायला त्यांनाही नेमकी तीच जागा सापडायची.

एक चूक मी दुसऱ्याच आठवड्यात केली, आणि ती मला चूक वाटलीच नाही. पिंपाच्या बुडाला एक भोक होतं. पाणी घातलं की त्यातून मातकट ओघळ यायचा आणि माझी शेणानं सारवलेली, टिपक्यांची रांगोळी काढलेली जमीन खराब व्हायची. एकदा सोसलं. दुसऱ्यांदा मात्र मास्तरांकडून पिंप कलतं करून घेतलं, आणि चिंधीचा बोळा मातीत बुडवून ते भोक गच्च बुजवून टाकलं. कशी हुशार मी, असं वाटून त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होते.

आखाजीच्या आठ दिवस आधी पहिलं पान पिवळं पडलं. मग दुसरं. मी बोट घातलं, माती ओली. चार दिवस पाणी घातलं नाही, तरी ओली. आठ दिवस घातलं नाही, तरी बोटाला चिखल! मला काही समजेना. आळीत मात्र सगळ्यांना समजलं होतं. सोनारीण दर दिवसाआड यायची, पिवळी पानं मोजायची आणि "देवाची इच्छा" म्हणून जायची. तिच्या देवाला दुसरी कामं नव्हती जणू!

आखाजी आली. पितरांची घागर भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या झाल्या. संध्याकाळी परसात आळी झाली आणि सासूबाईंनी बी टाकलं. मी तांब्या धरून उभी. त्या वर्षी त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, झाड पिवळं पडलं म्हणून. रात्रीच्या भाकरी थापताना मी रडले आणि धुराचं निमित्त सांगितलं.

त्यानंतर पाचवं पान गळलं, आणि मी ठरवलं की या मातीत पाणी येतं कुठून ते बघायचंच. दुपारची वेळ. वैशाखाचं ऊन असं की कुत्रीसुद्धा गटाराकाठी पडलेली. मी पाळण्याशेजारी पदर तोंडावर घेऊन झोपेचं सोंग केलं आणि एक डोळा उघडा ठेवला.

पहिली आली सोनारीण, विरजण मागायला, एका हातात भांडं आणि दुसऱ्यात तांब्या. घरात सामसूम बघून ती झाडापाशी गेली, हातातला तांब्या पिंपात रिकामा केला, हात जोडले. वैशाखात झाडाला पाणी घातलं की पुण्य लागतं. आणि नदीकाठच्या पिंपळापर्यंत उन्हात जायचं कोणी? आमचं झाड सावलीत होतं! रोज कुणी ना कुणी येत होती म्हणजे.

सकाळच्या शाळेचं दप्तर आवरून मास्तर परतले. उभ्याउभ्या घटाघटा पाणी प्यायले, आणि उरलेला अर्धा तांब्या पिंपात. पाणी वाया घालवू नये, असं ते मुलांना शिकवत.

मी उठणारच होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. देवाचा तांब्या, काठोकाठ भरलेला. त्यांनी एकदा पाळण्याकडे पाहिलं, पदर सावरला, आणि अगदी आवाज होऊ नये असं, धार धरून पाणी ओतू लागल्या. ओतता ओतता झाडाशी बोलत होत्या.

"पी रे बाबा, पी. मरू नको. मन्ही सूनले लोके नावे ठेवतीन."

मी ताडकन उठून बसले. "आत्याबाई!"

तांब्या हातातून सुटला आणि खणखणत ओसरीभर फिरला. सासूबाई पदराला हात पुसू लागल्या. "मी हात धोई ऱ्हायनी," त्या म्हणाल्या.

"पिंपात?"

मग माझा ताबा सुटला. मी किती बोलले, काय बोलले! मास्तरांना हाक मारली, सोनारणीला तिच्या घरातून बोलावलं, विरजणाचं भांडं तिच्या हातात तसंच होतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून बुडवलंत माझं झाड, म्हटलं. मी आठ दिवस बोटं घालून बसते आणि तुम्ही रोजचे तीन-चार तांबे ओतताय? पुण्य हवंय तर रंगावली नदीत उड्या मारा जाऊन! मास्तर खाली मान घालून उभे होते, वर्गातल्या पोरासारखे. बोलता बोलता मला रडू फुटलं. राग तर होताच. पण जी बाई दारोदार माझा हात जळका म्हणून सांगते, तीच रोज दुपारी चोरून माझ्यासाठी त्या झाडाच्या विनवण्या करत होती, याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

मास्तरांनी आणि सोनारानं मिळून पिंप आडवं केलं. आतून असा कुबट वास आला की लेक झोपेतून उठून रडायला लागली. मुळं काळी, बुळबुळीत. आणि बुडाला चिंधीचा बोळा.

"हाई कोन्हं काम शे?" सासूबाईंनी विचारलं.

आता मी कशाला बोलते! हात दाखवून अवलक्षण. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी माझ्या सारवलेल्या जमिनीकडे. शेवटी म्हटलं, "माझं." सोनारीण पहिली हसली. मग मास्तर. सासूबाई हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि एक मूळ हातात घेऊन दाबून बघू लागल्या.

मला वाटलं, आता संपलं. पण त्या शेतकऱ्याची लेक होत्या. "ऊसनं बेणं सडनं म्हंजे काय फेकी देतस का?" त्या म्हणाल्या आणि विळा मागितला. सडलेलं तेवढं सपासप कापलं, पांढरं मूळ दिसेपर्यंत. मी चुलीतली राख आणली, ती कापलेल्या जागी चोळली. झाड दोन दिवस सावलीत उघडंच ठेवलं. मास्तर स्टेशनाजवळून इंजिनातून टाकलेले जळके कोळसे टोपलीभर घेऊन आले, धोतराला काळं फासून. बुडाशी ते कोळसे, वर नदीची वाळू, मग पोयट्याची माती. भोक उघडं. ओघळ आला तर खाली परात ठेवायची, एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली नव्हती. बाहेर लोंबणाऱ्या मुळांसाठी सासूबाईंनी सागाचं सालीसकट एक दांडकं मध्ये रोवलं. वेलाला धरायला काहीतरी लागतं, म्हणाल्या.

तीनच पानं उरली होती. पण त्यानंतर त्या झाडाला पाणी घालायची कुणाची छाती झाली नाही, कारण सासूबाई पहाऱ्याला बसल्या. सोनारीण तांब्या घेऊन आली की त्या दळणावरून मान वर करायच्या. "पानी नको टाकू वं! बाई, तुन्हं पुण्य तुन्हा घर ठेव." मास्तर पाणी प्यायले की उरलेलं अंगणात फेकून रिकामा तांब्या त्यांना दाखवत. मी बोट घालायची, आणि त्या माझ्या बोटाकडे बघत राहायच्या. "जयका हात" हे शब्द त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. माझ्या मनात आलं, दमल्या असतील.

आषाढात एक हिरवी सुरळी दिसली. मी कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून. चौथ्या दिवशी ती उलगडली. कोवळं, पोपटी, ओलं वाटणारं पान, आणि त्याला भोकं! मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की मास्तर दाढी अर्धी टाकून आले. सासूबाईंनी पानाला बोटही लावलं नाही. नुसत्या त्याच्यासमोर बसून राहिल्या, आणि मीही त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवशीचा स्वयंपाक उशिरा झाला आणि कुणी काही म्हटलं नाही.

पारशीणबाई पोळा झाल्यावर परतली, नातवाचे पेढे घेऊन. तोवर सहा पानं झाली होती. मी तिला सगळं खरं सांगितलं, बोळ्यासकट. तिनं आधी मातीत बोट घातलं, दोन पेरं. मग माझ्या पाठीत एक धपका घातला आणि पोट धरून हसली. झाड नेण्याआधी तिनं चाकूनं एक फांदी कापली, लोंबत्या मुळासकट. "आ तारी," ही तुझी, म्हणाली. ती मी मडक्यात लावली. मडक्याला आधी भोक पाडून घेतलं, हे सांगायला नको. ती लागली. पारशीणबाईचं झाड गेलं तरी खिडकीजवळचा कोपरा रिकामा राहिला नाही.

पुढची आखाजी आली. घागर भरली, सांजोऱ्या झाल्या. संध्याकाळी परसात आळी केली. नेहमीसारख्या दोन-चार बायका आल्या होत्या, सोनारीण होतीच. मी सवयीनं तांब्या उचलायला वाकले, तर तो जागेवर नव्हता. तो सासूबाईंच्या हातात होता. दुसऱ्या हातानं त्यांनी बियांची पुरचुंडी माझ्यापुढे धरली.

सोनारणीला राहवलं नाही. "का हो, यंदा तुम्ही नाही टाकत?"

"मी नही टाकत," सासूबाई म्हणाल्या. "मन्हा हात वला शे." वला म्हणजे ओला. आणि मग, तिच्याकडे नव्हे, माझ्याकडेही नव्हे, आळ्याकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तिन्हा हात चांगला शे. तुयस मीच बुडाई दिनी. ती घाले सकाय, मी घालू दुपारले. दोन्ही डाव मीच."

म्हणजे माझ्या दोन्ही तुळशी त्यांच्या दुपारच्या पाण्यानं गेल्या होत्या. मी त्या पुरचुंडीकडे बघत उभी राहिले. तीन वर्षं! तीन वर्षं मी जळक्या हाताची म्हणून वावरले होते. एरवी एवढ्यावरून मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्यांना हे वर्षभर माहीत होतं, त्या दुपारी पिंप आडवं झालं तेव्हापासून, आणि आज चारचौघींत सांगायला त्यांनी किती दिवस मन घट्ट केलं असेल, तेही मला दिसत होतं.

मी बी घेतलं. दुधी, गिलकी, दोडकी, कारली. वाकून एकेका आळ्यात टाकलं, माती लोटली, तळव्यानं दाबली. उठले तर सासूबाई तशाच तांब्या धरून उभ्या होत्या, मी तीन वर्षं उभी राहायची त्याच जागी.

"टाकू का पानी?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा वाकले, आळ्यात बोट घातलं, दोन पेरं. माती कोरडी होती.

"टाका," मी म्हटलं.